रुळांनी मागे ठेवलेली वाट

आमचे वडील विंचूरच्या दुकानातून लासलगाव स्टेशनावर बिल्टी सोडवायला सायकलने जात. अंतर जुन्या हिशेबाने चार मैल. घोड्यावर बसावे तसे ते त्या काळ्या सायकलवर ताठ बसत. धोतराचा काठ साखळीत अडकू नये म्हणून घोट्यापाशी चिमटा लावलेला असे. पुढे दुकानाला टेम्पो आला, मग मोटार आली आणि सायकल माळ्यावर गेली. मी बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरलो, निवृत्त होऊन विंचूरला परतलो. डॉक्टरांनी साखरेचा अहवाल पाहून, ‘चाला, नाहीतर सायकल चालवा,’ असे बजावले, तेव्हा ती सायकल मी माळ्यावरून उतरवली. हा लेख त्या सायकलीचा नाही. पण तिच्यामुळे मी एका अशा वाटेवर गेलो, की जिने घरातील एक जुना व्यवहार पुन्हा तपासायला लावला.

निमित्त

आमची लेक आणि जावई न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे असतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही उभयता तिकडे गेलो. आपल्याकडे तेव्हा द्राक्षांचा हंगाम ऐन भरात. तिकडे उन्हाळा उतरणीला लागलेला. अकरा वर्षांची नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही रोज सायकल चालवता ना? मग आपण रेल्वेच्या वाटेने लिटल रिव्हरला जाऊ.” मला वाटले, रुळांच्या कडेने एखादा रस्ता असेल. तिने समजावले, “रूळ नाहीतच आता. जिथे रूळ होते, तिथेच आपण जायचं.”

ख्राइस्टचर्चच्या पश्चिमेला हॉर्नबी नावाचे उपनगर आहे. तेथून लिंकन गावावरून, सरोवरांच्या काठाने लिटल रिव्हर या खेड्यापर्यंत एके काळी रेल्वेची एक शाखा होती. ती १८८६ साली शेवटच्या गावाला पोहोचली. डोंगरातल्या जंगलांचे लाकूड शहरात आणणे हे तिचे मोठे काम. १९२७ ते १९३४ या काळात या मार्गावर बॅटरीवर चालणारी विजेची डबागाडीही धावली. आज आपण विजेच्या बसचे कौतुक करतो, ते तिथल्या शेतकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी अनुभवले होते! पुढे जंगल सरले, मोटारी आल्या, प्रवासी घटले आणि १९६२ साली ही शाखा बंद झाली. रूळ उचलले गेले. हे शतक उजाडल्यावर स्थानिक लोकांच्या एका न्यासाने पुढाकार घेऊन त्या जुन्या पट्ट्यावर टप्प्याटप्प्याने सायकलीची आणि पायी चालण्याची वाट तयार केली. एकूण लांबी सुमारे ४९ किलोमीटर.

सपाटीचे गणित

आम्ही दोन दिवसांत दोन टप्पे केले. पहिल्या दिवशी हॉर्नबी ते लिंकन. या लिंकन गावात १८७८ पासून चालत आलेली शेतकी शिक्षणाची संस्था आज विद्यापीठ म्हणून उभी आहे आणि तिथे द्राक्षशेतीही शिकवली जाते. दुसऱ्या दिवशी मोटुकरारा ते लिटल रिव्हर, म्हणजे वीस-बावीस किलोमीटर. मधला भाग मोटारीने गेलो. कारण तिथे वाट जुन्या रेल्वेपट्ट्यावरून जात नाही, गावच्या रस्त्यांवरून जाते. हा तुटलेला तुकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे मी पुढे येणार आहे.

सहासष्टाव्या वर्षी परक्या देशात वीस किलोमीटर सायकल चालवणे हे मला धाडस वाटत होते. प्रत्यक्षात गुडघ्यांना कळलेही नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने धावते. म्हणून एकच इंजिन शेकडो टन माल ओढू शकते. पण तेच घर्षण कमी असल्यामुळे चढ आला की चाक घसरू लागते. म्हणून रेल्वे बांधणारा अभियंता चढ टाळतो. टेकडी आली तर तो ती खोदतो, खळगा आला तर भराव घालतो, डोंगर आला तर वळसा घेतो. आपल्या कसारा घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. या ढकलणाऱ्या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात, हे मला नोकरीत असतानाच एका गार्डसाहेबांनी सांगितले होते. आमच्या शाखेत तो विनोद बरेच दिवस चालला.

तात्पर्य, जिथून कधी काळी गाडी गेली, तिथून म्हातारा माणूस, लहान मूल आणि चाकाच्या खुर्चीवरील माणूस सारखाच जाऊ शकतो. चढाचा खर्च कोणीतरी दीडशे वर्षांपूर्वीच केलेला आहे. आपण त्याचे व्याज खातो.

एक गोष्ट मात्र अभियंत्यालाही सपाट करता आलेली नाही, ती म्हणजे वारा. सरोवराच्या काठी तो समोरून असा आला की सपाट वाटेवरही मला घाट चढल्यासारखे झाले. नात पुढे जाऊन थांबायची. तिकडे शिरस्त्राणाशिवाय सायकल चालवणे कायद्याने मना आहे. त्या निळ्या टोपाखाली तिचा चेहरा हसताना दिसायचा. समोर कोणी पायी चालत असले की ती दुरूनच हलकेच घंटी वाजवी, तो माणूस बाजूला होई आणि दोघे एकमेकांना नमस्कारासारखी मान हलवीत. वाट सर्वांची आहे हे त्या घंटीत सांगितलेले असे.

ओळखीचा दगड

उजव्या हाताला एल्समिअर नावाचे विस्तीर्ण उथळ सरोवर, तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत ते वैहोरा. पाण्यावर काळ्या हंसांचे थवे. काठच्या लव्हाळ्यात निळ्या-जांभळ्या अंगाचा, लाल चोचीचा पक्षी शेपटी उडवीत चालताना दिसला आणि आमच्या सौ. एकदम म्हणाल्या, “ही तर आपल्या नांदूर मध्यमेश्वरची पाणकोंबडी!” तिकडे तिला पुकेको म्हणतात; जातकुळी एकच. गोदावरी-कादवेच्या संगमावरील आपले नांदूर मध्यमेश्वर जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ ठरले. विंचूरहून सकाळी निघून तिथले पक्षी पाहून जेवायला घरी येता येते. तरी आपल्यापैकी किती कुटुंबे तिथे गेली असतील?

डाव्या हाताला डोंगर. त्यांच्या उघड्या कड्यांचा काळसर दगड पाहताच मी सायकल थांबवली. हा दगड मी जन्मापासून ओळखतो. विहिरीच्या कर्जाची पाहणी करताना मी तो कितीदा हाताळला आहे. बेसाल्टच तो, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. फरक घडणीत आहे. आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले; म्हणून चांदवडचे डोंगर, सप्तशृंगी, मनमाडजवळचे अंकाई-टंकाई हे माथ्यावर सपाट आणि अंगावर पायऱ्या-पायऱ्यांचे. टंकाईच्या पोटातील आपली जैन लेणी याच थरांत कोरलेली आहेत. लिटल रिव्हरच्या भोवतीचे डोंगर मात्र सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच्या दोन मोठ्या ज्वालामुखींचे अवशेष. त्यांचे घुमट उभे राहिले, मग झिजले, आणि त्यांच्या पोटात समुद्र शिरून लिटल्टन आणि अकारोआ ही दोन बंदरे झाली. आपला डोंगर चोपडीच्या पानांसारखा एकावर एक रचलेला, तर त्यांचा छत्रीच्या काड्यांसारखा मध्यापासून पसरलेला.

आणि अशा मातीत द्राक्षे आलीच. अकारोआला १८४० साली फ्रेंच वसाहतवाले उतरले, त्यांनी सोबत द्राक्षवेली आणल्या. आज त्या प्रांतातल्या उबदार दऱ्यांतून द्राक्षमळे आहेत. ते उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर लावतात. कारण दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला असतो. वेलीची छाटणी वर्षातून एकदा, कडक हिवाळ्यात. मी लिंकनच्या परिसरात एका मळेवाल्याला सांगितले की आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लागते, कारण आमच्या वेलीला हिवाळ्याची झोपच मिळत नाही. तो गृहस्थ बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, “म्हणजे तुमच्या मजुरांनाही झोप नाही!”

दोन शब्द मद्याविषयी

आपल्या मासिकाचे वाचक इथे थबकतील, म्हणून स्पष्ट लिहितो. मी मद्य घेतलेले नाही, घेणार नाही. सात व्यसनांत ते मोडते ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. त्या दोन दिवसांत आमच्या पिशवीत खाखरे, मेथीचे ठेपले आणि लेकीने केलेली मुगाची भजी होती. तिकडे फेब्रुवारीत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणे कोणाला जड गेले नाही.

पण विंचूरचा माणूस द्राक्षदेशाकडे परक्यासारखा पाहू शकत नाही. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. त्यातून आपल्या विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे राहिले. बँकेत असताना मी द्राक्षबागांची कर्जे केली: मांडवाचे अँगल, ठिबक, शेततळे. ते द्राक्ष ताटात जाते, बेदाणा होते की पिंपात जाते, हे कर्जाच्या अर्जावर लिहिलेले नसते. हा प्रश्न माझ्या मनात आजही आहे आणि त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढे मात्र दिसले, की त्या वाटेवरची बहुतेक कुटुंबे डोंगर, पाणी आणि एकमेकांचा सहवास यासाठी आलेली होती. मद्याचा थेंबही न घेता द्राक्षांचा प्रदेश डोळे भरून पाहता येतो.

रेल्वेचीही बँक

लिटल रिव्हरचे जुने स्टेशन अजून उभे आहे. तिथे आता हस्तकलेच्या वस्तूंचे दालन आणि माहिती केंद्र आहे. फलाटाच्या बाकावर बसून मी जावयांना विचारले, “मधला तुकडा रस्त्यावरून का?” त्यांनी साधे उत्तर दिले, “पट्टा सलग राहिला असता तर वाट सलग झाली असती.”

मला राहवेना. घरी आल्यावर मी या विषयावर वाचू लागलो, आणि एक शब्द सापडला जो माझ्यासाठीच घडवला असावा असे वाटले: रेल-बँकिंग. अमेरिकेने १९८३ साली कायद्यात दुरुस्ती केली. एखाद्या रेल्वे कंपनीला तोट्यातली शाखा सोडायची असेल, तर तिचा पट्टा तुकड्या-तुकड्यांनी न विकता एखाद्या संस्थेकडे वा स्थानिक शासनाकडे सोपवता येतो. मधल्या काळात त्यावर लोकांनी चालावे, सायकल चालवावी. पुढे पुन्हा गाडीची गरज पडली तर पट्टा रेल्वेला परत. म्हणजे अगदी मुदत ठेव! मुद्दल शाबूत, व्याज लोकांना, आणि मुदतपूर्व मोडण्याची सोयसुद्धा. स्पेननेही १९९३ पासून आपल्या बंद रेल्वेमार्गांचे असेच हिरवे मार्ग केले आहेत.

छत्तीस वर्षे मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्या माणसाला यातले मर्म चटकन कळते. शंभर फूट रुंद आणि पन्नास किलोमीटर लांब पट्टा हा केवळ अमुक इतके एकर नव्हे. त्याची किंमत त्याच्या सलगपणात आहे. एकरी भावाने विकला तर प्रत्येक तुकड्याला भाव मिळेल, पण मधला एक तुकडा गेला की बाकीच्यांची ‘वाट’ म्हणून असलेली किंमत शून्यावर येते. आणि पुन्हा जोडायचे ठरवले तर तोच तुकडा दहापट दराने घ्यावा लागतो.

आपल्याकडे काय आहे? नाशिकरोड स्टेशनपासून जुन्या नाशकापर्यंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांनी तिला तोट्यात घातले आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. आज ती कुठून जात होती हे पायाखाली ओळखता येत नाही. विदर्भातील शकुंतला किंवा खानदेशातील पाचोरा-जामनेर या अरुंद मार्गांच्या बाबतीत तिथल्या लोकांना गाडीच परत हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे. पण गाडी परत यायची तरी पट्टा अखंड राहिला पाहिजे. तो राखायला त्यावर लोकांची रोजची पावले असणे यापेक्षा चांगला पहारेकरी कोणता?

घरचा तुकडा

इथवर लिहून थांबलो असतो, तर लेख सोयीचा झाला असता. पण त्या फलाटावरच्या बाकावर मला विंचूरची एक भिंत आठवली होती.

आपल्या लासलगाव-विंचूर पट्ट्यातून जाणारी रेल्वे जिवंत आहे. निफाड, उगाव, लासलगाव, समिट, मनमाड अशी ती अखंड धावते आणि धावत राहो. आपल्याकडे मरणाऱ्या वाटा रेल्वेच्या नाहीत. त्या पाणंदी, शिवरस्ते आणि वस्त्यांवरून गावात येणाऱ्या पायवाटा आहेत. गावच्या नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरण्याची रीत आहे. नकाशावर ती असते; जमिनीवर गेलो तर तिथे कोणाची तरी बाग, कोणाचे तरी कुंपण.

आणि कोणाचे तरी गोदाम. आमचे.

पाव शतकापूर्वी आमच्या कांद्याच्या गोदामाला कुंपणभिंत घातली गेली. मी तेव्हा परजिल्ह्यात बदलीवर होतो. वास्तूला आलो तेव्हा दिसले, की मागच्या वस्तीवरून शाळेकडे जाणारी पायवाट भिंतीच्या आत आली आहे. दुसऱ्याचा कागद असता तर मी त्यावर लाल शाईने शेरा मारला असता. घरचा होता, म्हणून पेढा खाऊन परत गेलो. तेव्हापासून त्या वस्तीची मुले कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या कडेकडेने, हमरस्त्यावरून शाळेत जातात.

परत आल्यावर मी धाकट्या बंधूंकडे विषय काढला. ते म्हणाले, “दादा, तुम्हाला आत्ता आठवलं? इतक्या वर्षांत कोणी तक्रार केली नाही.” मी म्हणालो, “तक्रार करणाऱ्याला आपल्याकडून उधारी लागते. तो कशी करील?” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. वजनकाट्याची शेड हलवावी लागणार, खर्च येणार, चोरीची भीती, आणि बँकेत तारण दाखवताना क्षेत्र कमी भरणार. या शेवटच्या मुद्द्यावर मी बोललो, कारण तो माझा प्रांत. “जे क्षेत्र आपलं नव्हतंच, ते तारणात धरलं हीच मूळ चूक.” न दिलेले घेणे याला आपल्याकडे एक शब्द आहे, अदत्तादान, तो मी मोठ्याने उच्चारला नाही. बैठकीत आमच्या मातोश्री होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “तुमचे वडील त्याच वाटेने यायचे.”

आम्ही निफाडच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज केला, शुल्क भरले, गावनकाशाची नक्कल घेतली. मोजणीत वाट शेडच्या कोपऱ्याखालून गेलेली निघाली. दिवाळीनंतर भिंत सव्वाआठ फूट मागे घेतली. खर्च दोघा भावांनी निम्मा-निम्मा केला. बंधू हसतमुखाने राजी झाले असे मी लिहिणार नाही. ते अजून त्या बाजूला फारसे येत नाहीत. पण शेड हलवण्याचा मुकादम त्यांनीच ठरवला आणि मुरूमही त्यांच्याच ट्रॅक्टरने आला.

वाचकहो, आपण व्यापारी माणसे. आपली गोदामे, जिनिंग, पेढ्या, प्लॉट गावाच्या कडेला असतात, आणि वाटा तिथूनच जातात. मोजणीची नक्कल काढून एकदा पाहावी. दोन शेतांच्या बांधावरून वाट मागण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ ने दिलेला आहे. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ ने तहसीलदारांना दिला आहे. पण कोणी अर्ज करील, मग आपण उत्तर देऊ, ही वाट पाहू नये. आपल्या बाजूचा तुकडा आपणच सोडला तर पुढचा-मागचाही सुटण्याची आशा असते.

आमची वाट लहान आहे, अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. तिच्यावर सरोवर नाही, हंस नाहीत. एका बाजूला द्राक्षाचा मांडव, दुसऱ्या बाजूला आमची नवी भिंत, आणि लांब क्षितिजावर चांदवडच्या डोंगरांची सपाट माथ्यांची ओळ. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी मी वडिलांची सायकल घेऊन तिथे उभा होतो. पहिली फेरी आपण मारावी असा मनात हेतू होता. तेवढ्यात मागून घंटी वाजली. वस्तीवरची एक मुलगी, पाठीला दप्तर, मोठ्या माणसाच्या सायकलीवर उभ्याने पेडल मारीत येत होती.

मी बाजूला झालो.